जोंधळे सर आणि एक जून

जोंधळे सरांशी कुणाची ओळख करून दिली, की ते आधी गाव विचारत. समोरच्यानं गाव सांगितलं, की क्षणभर डोळे मिटत आणि एक आकडा म्हणत. "चारठाणा? सतरा." "पालम? तीन." झाली ओळख. त्यानंतर तो माणूस कायमचा सतरा किंवा तीन. मी वालूरचा, म्हणून एक्केचाळीस. परभणीच्या भर बाजारात भाजीवाल्यांच्या गर्दीतून, "ओ एक्केचाळीस! थांबा की!" अशी हाक आली, की लोक माझ्याकडं अशा नजरेनं बघत, जणू मी कालच जेलमधून सुटून आलोय.

एकदा वैतागून मी म्हणालो, "सर, चारचौघांत नंबरानं काय हाक मारता? गावाच्या नावानं तरी मारा."

"दत्तराव," ते म्हणाले, "आपल्याकडं गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, मग घर गावाच्या कोणत्या अंगाला हाय ते विचारतात. कशासाठी विचारतात ते तुमालाबी माहीत हाय, मलाबी माहीत हाय. मी पहिल्या प्रश्नालाच थांबतो आन् नंबर काढतो. नंबराला वरची आळी नसती, खालची आळी नसती."

त्यानंतरही मी एक्केचाळीसच राहिलो.

आमच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे आणि मी ऑफिसात टायपिस्ट होतो. सुदाम जोंधळे हे पूर्ण नाव. गोदावरीकाठच्या एका खेड्यातले, बौद्ध घरातले, अंगानं काटक, आणि परभणीच्या मे महिन्यातही पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून घालणारे. स्टाफरूममधले बाकीचे प्राध्यापक वर्गात पुस्तकासारखं बोलत. सर मात्र फळ्यासमोर उभे राहून गावाकडच्या भाषेतच शिकवत. "हे वाढलं की ते वाढायलाय का, एवढंच बघायचं पोरांनो. बाकी सगळा पसारा हाय." पोरांना ते कळायचं. त्यामुळं काही सहकाऱ्यांना ते आवडत नसत.

नव्वदच्या आसपास कॉलेजात कॉम्प्युटर आला. तो ठेवायचा कुठं यावर आठ दिवस मीटिंगा झाल्या. शेवटी ग्रंथालयाशेजारची खोली रंगवली, दाराबाहेर चपला काढायची पाटी लावली आणि प्राचार्यांच्या केबिनमधला एसी काढून त्या खोलीत बसवला. त्या दिवसापासून प्राचार्यांना कॉम्प्युटरमध्ये फार रस वाटू लागला. दुपारी एकला ते फाइल घेऊन खोलीत येत आणि चारपर्यंत मशीनकडं कौतुकानं बघत बसत. पाठोपाठ इतिहासवाले येत, भूगोलवाले येत. उन्हाळाभर त्या खोलीत बसायला जागा नसे.

मशीन आलं, पण त्याचं करायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. जोंधळे सर पुण्याला महिनाभराचा वर्ग करून आले होते, म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या लतीफचाचांना, म्हणजे कॉलेजच्या जुन्या शिपायाला सांगितलं, "चाचा, उद्या तीन टेबलं करायची हायत."

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर खोलीच्या दारात ग्रंथालयातली तीन लाकडी टेबलं एकावर एक रचलेली, आणि लतीफचाचा घाम पुसत उभे. "सर, तीन टेबलां लाया. अंदर तो एकच बैठता. दो कहाँ रखूं?"

सर हसले नाहीत. त्यांनी चाचांना खुर्चीवर बसवलं, कागद घेतला आणि त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या. "चाचा, हे बी टेबलच. हे खाने. प्रत्येक खान्यात एकच गोष्ट ठेवायची. नावाच्या खान्यात नाव, गावाच्या खान्यात गाव. एका टेबलात पोरं, दुसऱ्यात गावं, तिसऱ्यात वर्ग."

चाचांनी कागद उलटसुलट करून बघितला. "मेरे किचन में मेरी बीवी ऐसाच करती," ते म्हणाले. "मिरची के डब्बे में हल्दी डाला तो घर से निकाल देगी."

"तुमची बेगम इथं प्राध्यापक पाहिजे होती," सर म्हणाले.

गावांचं वेगळं टेबल कशाला, असं मी विचारलं होतं. सरांनी माझ्यासमोर प्रवेश अर्जांचा गठ्ठा टाकला. मशीनला मराठी येत नव्हती, सगळं इंग्रजी अक्षरांत भरायचं होतं, आणि माझं एवढंसं वालूर पोरांनी इतक्या तऱ्हांनी लिहिलं होतं की मलाच शंका आली, आपण नक्की कुठले. "मशीनला ही सगळी निराळी गावं वाटतात," सर म्हणाले. "म्हणून गाव एकदाच लिहायचं, त्याला नंबर द्यायचा, आन् पोराच्या खान्यात फक्त नंबर." तिथून ती नंबरांची सवय त्यांच्या जिभेवर गेली आणि पुढं गावभर पसरली.

खरं सांगतो, त्या खोलीत मी पहिले काही दिवस नोकरीचा हिशेब करत बसत असे. एक बोनाफाइड सर्टिफिकेट टाइप करायला मला पाऊण तास लागायचा, सही-शिक्का होऊन पोराच्या हातात पडायला दोन दिवस. आणि इथं सर एक नंबर दाबत, प्रिंटर करकर वाजे, आणि कागद बाहेर. मग टायपिस्ट कशाला हवा?

पालमकडचे एक शेतकरी मुलाच्या एसटी पाससाठी दाखला घ्यायला आले होते. कागद हातात धरून ते मशीनभोवती एक फेरी मारून आले. "सर, ह्या डब्यात माझ्या पोराचं पान आधीच लिहून ठिवलं व्हतं का?"

"न्हाई मामा. पान कुठंच न्हाई. नाव एकीकडं हाय, गाव एकीकडं, वर्ग एकीकडं. तुमी मागितलं की तिघं एकत्र येतात आन् पान होतंय. तुमी गेलात की पुन्हा आपापल्या जागी."

मामांनी मान हलवली. "आमच्या भजनी मंडळावानी. टाळवाला वरच्या आळीत, पेटीवाला मळ्यात. बोलावलं की जमतात."

"बघा दत्तराव! एक महिना पुण्यात शिकलो ते मामांनी एका वाक्यात सांगितलं." मग माझा चेहरा त्यांच्या लक्षात आला असावा. मामा गेल्यावर ते म्हणाले, "मशीन चुका काढत न्हाई, फक्त छापतंय. चुका काढायला तुमीच लागणार. या, बसा इथं." आणि त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली. त्या खुर्चीवर मी पुढं कित्येक वर्षं बसलो.

सरांचा एक शत्रू होता. त्याचं नाव 'वगैरे'.

कुणी अर्जात 'वाचन, खेळ वगैरे' असं लिहिलं, की अर्ज परत. लतीफचाचांनी रजेच्या अर्जात 'ताप, खोकला वगैरे' लिहिलं, तर सरांनी त्यांना बोलावून विचारलं, "वगैरेत काय काय होतंय?" एका लग्नपत्रिकेवर 'आपले नम्र, समस्त गावकरी' छापलेलं बघून ते सरळ वरपित्याकडं गेले. "समस्त म्हणजे किती? सगळ्यांना विचारून छापलं का?" वरपिता जेवणाची पंगत सोडून दहा मिनिटं त्यांना समजावत होता. "वगैरेला खाना नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही त्यांच्या मागं त्यांची नक्कल करायचो आणि पोट धरून हसायचो.

आता एक जूनची गोष्ट.

प्राचार्यांना एसीच्या गारव्यात एक कल्पना सुचली. मशीनला सगळ्यांच्या जन्मतारखा माहीत आहेत, तर त्यानं रोज सकाळी ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावानं कॉलेजतर्फे शुभेच्छापत्र छापावं. कल्पना चांगली होती. सरांनी दोन दिवसांत व्यवस्था केली. एप्रिलात दोन-तीन पत्रं निघाली, मे महिन्यात चार-पाच. प्राचार्य खुश.

एक जूनला सकाळी दहाला मी मशीन चालू केलं. प्रिंटर वाजायला लागला आणि थांबेचना. अकरा वाजले, बारा वाजले. कागदाची घडी उलगडत दाराबाहेर गेली. लतीफचाचा एकेक पत्र फाडून ढीग रचत होते. रिबन फिकी पडली, दुसरी घातली. दुपारी एकला प्राचार्य नेहमीप्रमाणे आले आणि दारातच थबकले.

"हे काय चाललंय? सगळे आजच जन्मले?"

"सर," जोंधळे सर शांतपणे म्हणाले, "आज आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस हाय."

तुम्ही मराठवाड्यातले असाल तर तुम्हाला समजावून सांगायला नको. आमच्या पिढीला बापानं हाताला धरून शाळेत नेलं, हेडमास्तरांनी विचारलं, "जन्म कधीचा?" बाप म्हणाला, "सुगीच्या टायमाला कवातरी." हेडमास्तरांनी पोराकडं बघून वर्ष ठरवलं आणि पुढं एक जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, हिशेबाला सोपं.

शेवटचं पत्र निघालं ते स्वतः प्राचार्यांच्या नावाचं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं. खोलीत कुणी हसलं नाही. "माझी आई म्हणायची," ते हळूच म्हणाले, "मी झालो तेव्हा दारात पणत्या लागल्या होत्या." आणि पत्र खिशात घालून निघून गेले. त्या दिवशी ते एसीत बसले नाहीत.

मला वाटलं, योजना बंद होणार. दुसऱ्या दिवशी बघतो तर सरांनी टेबलात तीन नवे खाने वाढवलेले. पहिला, खरी तारीख. दुसरा, 'माहीत हाय का', त्यात फक्त हो किंवा नाही. कारण त्या मशीनला शून्य आणि रिकामं यातला फरक कळत नसे, आणि सरांच्या दृष्टीनं तो फार मोठा फरक होता. "शून्य म्हणजे काही न्हाई हे माहीत हाय. रिकामं म्हणजे माहीतच न्हाई."

"आणि हा तिसरा?" मी विचारलं. त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, सांगणारी.

"तारीख कुणी सांगितली त्याचं नाव. पुरावा न्हाई तर खरी कशी म्हणायची?"

"पण सांगणारीच का? सांगणारा का नाही?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच गणितात नापास झालोय. "बापाला विचारून बघितलं न्हवं हेडमास्तरनं? निघाला एक जून!"

पहिला प्रयोग त्यांनी माझ्यावरच केला. एका रविवारी आम्ही एसटीनं वालूरला निघालो. सरांच्या पिशवीत जुनी पंचांगं, एक वही आणि पाण्याची बाटली. आणि माझ्या मनात एकच धास्ती.

ती धास्ती सांगायला हवी. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या विरोधातल्या मोर्च्यात पुढं होता. मोर्च्यानंतरच्या दिवसांत तो कुठं गेला आणि काय केलं, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. त्या घरात मी जोंधळे सरांना घेऊन चाललो होतो.

अण्णा ओसरीवर सुतळी वळत बसला होता. माय बाहेर आली. तिनं सरांना बघितलं आणि रीतीप्रमाणं विचारलं, "कोणत्या गावचे म्हणायचे?"

सरांनी गाव सांगितलं आणि ती पुढचं विचारायच्या आत म्हणाले, "आमी जयभीमवाले, माय. तुमच्या दत्तूबरोबर कामाला हाव."

अण्णानं सुतळी खाली ठेवली, उठला, आणि कुणाकडं न बघता गोठ्याकडं निघून गेला. माय तशीच उभी. मग सर वही उघडत म्हणाले, "माय, मी एकच गोष्ट विचारायला आलोय. दत्तराव झाले तो दिस तुमाला याद हाय का?"

माय बसली. चौकटीला टेकून तिथंच खाली बसली.

"याद न्हाई व्हय?" ती म्हणाली. "येळवसेचा आदला दिस. मी उंड्याचं पीठ मळायले, आन् कळा सुरू. सासू म्हणली, उद्याचा सण झाल्यावर पड की बाळंत! जसं काई माझ्या हातात व्हतं." ती हसली. मग सांगतच राहिली. सुईण शेतातून कशी धावत आणली, शेजारणीनं उंडे कसे केले, बापानं दुसऱ्या दिवशी शेतात पूजा करताना पोरगा झाला म्हणून आंबिलीचं मडकंच कसं उपडं केलं. साल विचारलं तर म्हणाली, "पुढल्या उन्हाळ्यात चावडीवर झेंडा लावला, म्हणले आपला महाराष्ट्र झाला. तवा हा रांगायच्या बेतात व्हता."

सर पंचांगात मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे येळवस, शोधत बोट फिरवत होते. "अठ्ठावीस डिसेंबर एकोणीसशे एकोणसाठ," ते म्हणाले. "दत्तराव, हेडमास्तरनं तुमचे सात महिने खाल्ले. तेवढं आधी रिटायर होणार तुमी."

माझं लक्ष त्याकडं नव्हतं. मी मायकडं बघत होतो. एकतीस वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं. तिनं ते कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं.

"माय, तुमचं नाव?" सरांनी विचारलं.

"माझं कशाला?"

"सांगणारी म्हणून लिहायचं हाय. मशीनमधी."

"रुक्मिणबाई," ती म्हणाली. मग आत गेली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशा काढल्या. तीन कप चहा आणला. सरांना, मला, आणि तिसरा स्वतःला. पाहुण्यासमोर बसून चहा पिताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. अण्णा आम्ही निघेपर्यंत गोठ्यातून बाहेर आला नाही.

परतीच्या एसटीत मी सरांना म्हणालो, "अण्णाचं मनावर घेऊ नका."

त्यांनी खिडकीची काच सरकवली. तुरीची रानं मागं पडत होती. मग म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरला आमची आळी जळाली. मी औरंगाबादला शिकायला होतो, चार दिसांनी पोचलो. पंचनामा झाला होता. आमच्या घरासमोर लिहिलं होतं, भांडीकुंडी, कपडे वगैरे. दत्तराव, त्या वगैरेत आमच्या बापाचा फोटू होता. एकच होता. माझी पदवीची सनद होती. मायचं जातं फुटलं होतं. मग मी एक वही केली. घरागणिक पान, पानावर खाने. एकेकाला विचारून भरली."

त्यानंतर 'वगैरे'ची नक्कल मी केली नाही. दुसऱ्यांनी केली की उठून जाऊ लागलो.

पुढची दोन-तीन वर्षं आमचे रविवार असेच गेले. वही, पंचांगं, एसटी. कुणाची आई सांगे, विहिरीला पाणी लागलं तो दिवस. कुणाची, गावात पहिली पिठाची गिरणी आली तो आठवडा. एकीनं सांगितलं, "माझी दोन पोरं झाली, तुमी कोणत्याचं विचारायलाव? गेलेल्याचं बी लिहिता का?" सरांनी पंचांग मिटलं आणि दोघांचंही लिहून घेतलं. मशीनमध्ये गेलेल्या पोराला खाना नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो केला.

आणि शुभेच्छापत्रं पुन्हा सुरू झाली, या वेळी खऱ्या तारखांना. पत्रात एक ओळ वाढली होती: 'आपल्या मातोश्री सोनाबाई यांनी सांगितल्याप्रमाणे आज आपला जन्मदिवस.' सोनाबाई, कडूबाई, शेवंताबाई, जैबुन्निसा. कॉलेजच्या कोणत्याच कागदावर तोवर ही नावं आली नव्हती. पत्र पोराच्या नावानं जायचं, पण घरात ते जपून ठेवायची आई. कुणी देव्हाऱ्यात, कुणी पत्र्याच्या पेटीत. प्राचार्यांनी वयोवृद्ध मावशीला विचारून स्वतःची तारीख आणली, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसाची. ती त्यांनी स्वतःच्या हातानं मशीनमध्ये भरली, एका बोटानं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामांतर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजकडं निघालो. चौकात पोलीस उभे होते. आमच्या कॉलेजमागच्या वस्तीत निळे झेंडे लागले होते, हलगी वाजत होती. चार गल्ल्या पलीकडं दारं लोटलेली. मला सरांना भेटायचं होतं. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. अभिनंदन म्हणावं, तर माझ्या घरातून अभिनंदन कोणत्या तोंडानं म्हणायचं?

वाटलं होतं, ते वस्तीत असतील, मिरवणुकीत असतील. ते कॉम्प्युटरच्या खोलीत होते. लतीफचाचांनी कुलूप काढून दिलं होतं.

"या दत्तराव. बरं झालं आलात. स्पेलिंग बघा."

पडद्यावर एका छोट्या टेबलाची एकच ओळ होती. विद्यापीठाचं नाव. मला माहीत होतं की दाखले, गुणपत्रकं, पत्रं, कशावरही ते नाव थेट लिहिलेलं नव्हतं. सगळी पानं ते या एका जागेवरून घेत. ही ओळ बदलली की सगळीकडं बदलणार. नवं नाव त्यांनी भरलं होतं आणि ते त्या खान्यात आरामात मावलं होतं. जुन्या नावाला त्याच्या निम्मी जागाही लागत नव्हती.

"एवढी जागा कधी ठेवली, सर?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि झालंच नसतं तर?"

"मोकळी जागा काय खायला मागती का?" ते म्हणाले.

मी स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं. मग माझ्या तोंडून निघालं, "सर, आमच्या घरातून... मला काय म्हणावं कळत नाही."

"न्हाई कळत तर न्हाई म्हणायचं," ते म्हणाले. "स्पेलिंग बघितलं न्हवं? झालं की."

मला वाटलं, आता मशीन बंद करतील. पण त्यांनी प्राध्यापकांचं टेबल उघडलं. त्यातली बाकी सगळ्यांची माहिती मी भरली होती. त्यांची ओळ त्यांनी स्वतः भरलेली, मी कधी बघितली नव्हती. जन्मतारीख, एक जून. खरी तारीख, रिकामी. माहीत हाय का, नाही. सांगणारीच्या खान्यात त्यांनी सावकाश, एकेक अक्षर शोधून टाइप केलं: गयाबाई.

"सर, हे तुमच्याच नियमात बसत नाही," मी म्हणालो. "तारीख नाही तर सांगणारी कशी?"

"तिला माहीत होती की."

प्रिंटरवर धूळ नव्हती, तरी त्यांनी रुमालानं प्रिंटर पुसला.

"घर जळाल्यावर, मला इथं नोकरी लागली तशी, तिला मी परभणीत आणलं. दोन वर्षं होती माझ्यापाशी. ती वही भरायची म्हणून रोज संध्याकाळी तिला समोर बसवायचो. कुणाच्या घरात काय होतं, कुणाचं दार कोणत्या बाजूला होतं. सगळं तिच्या ध्यानात. न कंटाळता सांगायची. एक दिवस म्हणली, सुदामा, समद्यांचं इचारतूस, तू झालास त्या दिसाचं बी इचार की. मी म्हणलं, माय, ते कशाला आता? त्याचा काय उपयोग?"

रुमालाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली.

"मग पुन्हा ती म्हणली न्हाई. आन् मी विचारलं न्हाई. तिच्याबरोबरच्या बायका पांगल्या. कोण मुंबईला, कोण नांदेडला. दोघी सापडल्या, त्यांना सांगता आलं न्हाई."

त्यांनी मशीन बंद केलं. कापडाचं आवरण घातलं, कोपरे सारखे केले. बाह्यांची बटणं बघितली. मग घड्याळाकडं बघून म्हणाले, "वालूरची गाडी किती वाजता हाय?"

"साडेअकराला. पण आज करीचा दिवस, सर. आणि वातावरण असलं. अण्णा पण घरीच असंल."

"असू द्या."

"वह्या-पंचांगं तर इथंच आहेत. गावात कुणाच्या आईला विचारायचं राहिलंय का?"

"विचारायचं काही न्हाई," दाराकडं वळत ते म्हणाले. "रुक्मिणबाईपाशी नुसतं बसायचंय."